तहानवाली बाई

पुलगावच्या एका गल्लीत 'तहानवाली बाई' म्हटलं की बाया अजून तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. मी हसत नाही. ती बाई माझ्या बर्फखान्याच्या वरच्या खोलीत राहत होती आणि हसणाऱ्यांपेक्षा मी तिला जास्त पाहिलं आहे. मी चौथीत मास्तरशी भांडून शाळेबाहेर पडलो तो परत गेलो नाही. पण पाहिलेलं सांगायला शाळा लागत नाही. ज्याला लागते असं वाटत असेल त्यानं हे वाचू नये.

माझा बर्फखाना हिंगणघाटला, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. लाद्यांचा बर्फ. माझ्या स्वतःच्या विहिरीच्या पाण्याचा, आरपार दिसणारा. सोडावाले, गोळेवाले, लग्नाचे आचारी, सगळे माझ्याकडूनच नेत. नव्वदीच्या सुरवातीचा एक उन्हाळा होता. पायात पुरुषी चपला, डोक्यावर काळी छत्री, हातात रुंद तोंडाचा निळा थर्मास, अशी चाळिशीतली एक बाई दारात उभी राहिली.

"थोडा बर्फ हवाय. चुरा करून."

"कायच्यासाठी?"

"रक्त ठेवायचंय."

मी हातातला बर्फ फोडायचा टोचा खाली ठेवला. "बाई, माह्या बर्फाचं लोकं सरबत पेतात. मटनवाला आला तरी त्याले मी मांगच्या दारानं देतो. रक्ताले पुढून बर्फ भेटत नाई."

"मग मलाही मागच्या दारानं द्या," ती म्हणाली आणि खरंच भिंतीला वळसा घालून मागे जाऊन उभी राहिली. रागानं नाही. मी नियम सांगितला, तिनं पाळला. पुढे ती तिथेच राहायला आली, घरच्यासारखी झाली, तरी शेवटपर्यंत मागच्याच दारानं येत-जात राहिली. मी किती वेळा म्हटलं, "बाई, आता पुढून येत जा." ती म्हणे, "बघू या."

तिचं नाव कुमुद. पुण्याकडची डॉक्टर, पण सुई-गोळीची नव्हे, शोध लावणारी. म्हाताऱ्यांना होते ती साखर सगळ्यांना ठाऊक आहे. लहान पोरांना होते ती वेगळी. चांगलं खेळतं पोर एकाएकी पाणी पिऊ लागतं, वाळतं आणि रोजची सुई नाही मिळाली तर मरतं. आमच्याकडे अशी पोरं जात तेव्हा लोक ताप म्हणत, नाहीतर बाहेरचं म्हणत. ही बाई गावोगाव फिरून तशी पोरं शोधी. त्यांना सुईचं औषध मिळवून देई, आयांना ते ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात जपायला शिकवी. पण तिचं खरं काम दुसरं होतं. हे होतं कशानं, ते तिला शोधायचं होतं. त्यासाठी ती आजारी पोरांच्या धडधाकट भावंडांचं रक्त दरवर्षी घेई. त्यांच्यातल्या एखाद्याच्या रक्तात आजाराची निशाणी आजाराच्या कितीतरी आधी दिसते म्हणे. ती केव्हा येते, कोणाला येते, येण्याआधी घरात काय झालं होतं, हे सगळं ती पाहत होती.

रक्त गोठवून ठेवायला तिला अशी जागा हवी होती जिथे लाइन गेली तरी मशीन थांबत नाही. आमच्या भागात तशी एकच जागा होती, माझी. बर्फाला थांबता येत नाही म्हणून मी जनरेटर बाळगून होतो. तिनं वरची खोली घेतली आणि तिथे निळ्या झाकणाची एक पेटी आणून ठेवली. लाइन गेल्यावर आधी माझ्या टाकीला की आधी तिच्या पेटीला, यावर आमचं पहिलं भांडण झालं. दोघांनाही एकदम मिळेल अशी तार मी ओढली, पण ती जिंकली असं मी कधी कबूल केलं नाही.

तिच्या सवयी सांगतो. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. लोकांना वाटे हिलाच साखर आहे. संध्याकाळी रोज मुगाची खिचडी. ती ताटलीत घेऊन खाली यायची, पालथ्या घातलेल्या बर्फाच्या साच्यावर बसून खायची. माझी बायको वारून तेव्हा बरेच दिवस झाले होते. मुलगा नागपूरला. मीही समोरच्या साच्यावर माझी भाकर घेऊन बसे. बोलणं होईच असं नाही. मशीन धडधडत असे तेवढं पुरे होतं.

कोणत्याही गोष्टीला ती सरळ 'हो' म्हणत नसे. म्हणे, "असं दिसतं. तसं आहे का ते माहीत नाही." एकदा मी चिडून विचारलं, "बाई, ऊन पडलं का बाहेर?" तिनं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "पडलेलं दिसतं." हसली मग. पण आधी पाहिलं होतं तिनं, हे खरं.

गावात लोकांनी तिची एक गोष्ट बनवून ठेवली होती. हिचा लहान भाऊ याच रोगानं गेला म्हणून ही अशी एकटी फिरते. मी तिला तोंडावर विचारलं. "नाही हो," ती म्हणाली. "भाऊ चांगला आहे, गुबगुबीत आहे. मला प्रश्न आवडला, एवढंच." मला ते पटलं नाही. एवढ्याशासाठी कोणी घर सोडतं? पण बर्फखाना काढताना माझ्याही बापानं मला हेच विचारलं होतं.

या आजारात अंगातले राखणदारच साखर सांभाळणाऱ्या एका भागावर उलटतात, हे मला समजावं म्हणून ती माझ्या कुत्र्याचं उदाहरण द्यायची. वाघ्या. बर्फखान्याची राखण करायचा.

"समजा, वाघ्या घरच्याच एका माणसाला चावतो," ती म्हणाली. "चावून चावून मारतो."

"पिसाळला असन."

"पिसाळलेला नाही. बाकी सगळी राखण नीट करतो. घरातल्या बाकी कुणाला काही करत नाही. एकालाच चावतो."

"मंग त्या मानसानंच त्याची काई खोडी काढली असन."

तिनं ताटली खाली ठेवली. "तेच मलाही वाटतं, भाऊ. कुत्र्याकडे सगळे बघतायत. त्या माणसानं काय केलं तेही बघायला हवं."

त्या दिवशी तिनं मला दुसऱ्यांदा चहा करून दिला. तोही बिनसाखरेचा.

वर्षातून काही रविवार जाम, समुद्रपूर, पुलगावकडच्या गावांतून लोक पोरं घेऊन बर्फखान्यात येत. बाई प्रत्येक आईला तेच ते विचारी. अंगावर किती दिवस पाजलं? गाईचं दूध केव्हा सुरू केलं? गालगुंड झालं होतं? विहिरीचं पाणी की नळाचं? आया सगळं सांगत आणि शेवटी त्यांचा एकच सवाल असे, "बाई, माह्याच लेकराले काऊन?" आणि बाई म्हणे, "बघू या." सुई टोचून झाली की पोरं माझ्याकडे येत. साखरवाल्या पोरांना सरबताचा गोळा चालत नाही, म्हणून मी लिंबू-मिठाचा गोळा काढला. मग धडधाकट पोरंही तोच मागायला लागली. ही अक्कल माझी होती, बाईची नाही.

त्या येणाऱ्यांत जामच्या चौरस्त्यावरचं एक घर होतं. बापाचं पंक्चरचं दुकान. आई पार्बताबाई, बोलायला फटकळ, मनानं मोकळी. मुलगा गजू साखरवाला. त्याच्या पाठची बहीण माया, धडधाकट, अकरा-बारा वर्षांची. गोळा खाताना पहिले मीठ चाटून घ्यायची.

एके दिवशी बाई खाली येऊन साच्यावर बसली. खिचडी तशीच. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मायाच्या रक्तात निशाणी दिसतेय."

"मंजे तिलेबी होनार?"

"बहुतेक. केव्हा ते सांगता येत नाही. कधीच नाही असंही होऊ शकतं."

"मंग सांगा तिच्या मायले."

"सांगून काय देऊ तिला? अडवायला माझ्याकडे काही नाही. नुसती तिची झोप हिरावून घेऊ?"

"मी असतो तं सांगतलं असतं."

"म्हणून तुम्ही बर्फ करता," ती म्हणाली.

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती दोन्ही दिवस त्याच साच्यावर येऊन बसली.

वर्षं गेली. तिच्या हाताखाली नागपूरची दोन पोरं आली, नळ्यांवर नंबर आले. रविवारची गर्दी वाढली. पहिल्या वर्षांतल्या पोरी मोठ्या झाल्या. ओढणी ओढून, मान खाली घालून बसू लागल्या. हात पुढे करीत, रक्त देत, निघून जात. गोळा मागायला आता लाजत.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ. बाई जिन्यावरून जवळजवळ धावत आली आणि म्हणाली, "भाऊ, एक गोळा द्या. सरबताचा. लाल."

मी हातचं काम टाकून पाहतच राहिलो.

"निशाणी जाते, भाऊ! पोरी पंधरा-सोळाच्या झाल्या की काहींच्या रक्तातून ती निघून जाते. आपोआप. मायाची गेली. आणखी कितीतरी जणींची गेली. आजार अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. कशानं फिरतो ते सापडलं तर..." ती थांबली. लाल रंग तिच्या हनुवटीवरून ओघळत होता. "तर अडवता येईल."

"असं दिसते?" मी मुद्दाम विचारलं.

"आहे, भाऊ. तसं आहे."

इतक्या वर्षांत तिच्या शोधाबद्दल तिच्या तोंडून मी 'आहे' तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मुंबईहून, परदेशातून फोन यायला लागले. माझ्या टेबलावरच्या फोनवर ती इंग्रजीत बोले. मला कळत नसे, पण तिचा आवाज लहान पोरीसारखा होई. बोलून झालं की स्पिरिटच्या बोळ्यानं रिसीव्हर पुसून ठेवी.

आनंद तिला फार दिवस सोसवला नाही. एका संध्याकाळी म्हणाली, "इतकं चांगलं सहसा घडत नाही." मी म्हटलं, "बाई, तुमच्या नशिबाले तुम्हीच खेटर मारून राह्यल्या." तिनं ऐकलं नाही. आणखी खात्री हवी म्हणून पेटीतल्या जुन्या आणि नव्या बाटल्या काढल्या आणि एकेका पोरीचा रक्तगट दोन्हींत ताडून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती साच्यावर बसली होती, रिकाम्या हातानं.

"रक्तगट जन्मभर बदलत नाही, भाऊ. मायाचा बदललाय. रक्त बदलत नाही, म्हणजे माणूस बदललंय."

आम्ही दोघं बसनं जामला गेलो. दुकानासमोर ट्रकांची रांग होती. पार्बताबाईनं खाट टाकली, पाणी दिलं. बाईनं सरळ विचारलं, "पार्बताबाई, गेली दोन-तीन वर्षं मायाच्या नावानं कोण येत होतं?"

पार्बताबाई लाजली नाही की घाबरली नाही. म्हणाली, "माह्या बहिनीची संगी. काऊन, काई चुकलं काय?"

"माया का नाही आली?"

"पोट्टी लग्नाची झालती, बाई. हा चौरस्ता. कोन कोनाले पाहते, कोन कुठी सांगते, काई भरवसा नाई. पोट्टीचं रक्त साखरेच्या डाक्टरीनीकडे जाते म्हनलं तर कोन करन तिले?"

"मग नाही म्हणायचं होतं मला."

"नाई कसं म्हनाव?" आता पार्बताबाईलाच वाईट वाटलं. "तुम्ही आमच्या गजूले जगवलं. वरसातून एक डाव हात मांगता, अन् आमी रिकामं धाडावं? आमाले बरं नाई वाटलं. संगीचं रक्त काई वाईट हाय काय? एकाच आजीच्या नाती. तुमाले रक्त पाह्यजे होतं, आमी देल्लं."

बाई पार्बताबाईकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग विचारलं, "असं आणखी कुणी केलं?"

"पोरीवाल्या घरानं समद्याइनच केलं असन. उघड कोन बोलते?"

मी तिथे खाटेच्या कडेला बसून होतो. माझी मुलगी असती आणि तिचं लग्न व्हायचं असतं, तर मीही हेच केलं असतं, एवढं मला ठाऊक होतं. 

"माया कुठे आहे?" बाईनं विचारलं.

"लगन झालं ना तिचं! पुलगावले देल्ली. सासू तेज हाय, पन घर चांगलं हाय."

तेव्हा बाईनं आपला नियम मोडला. मायाच्या रक्तात, खऱ्या मायाच्या, अकराव्या-बाराव्या वर्षी काय दिसलं होतं ते तिनं सांगितलं. आम्हाला ते गेल्यासारखं वाटलं होतं, पण ते संगीचं रक्त होतं. मायाच्या रक्तात निशाणी असेलच अजून. तहान लागायला लागली आणि कुणाला कळलं नाही, तर चार-आठ दिवसांत पोर हाती लागत नाही.

पार्बताबाईनं बाईचे दोन्ही हात धरले. "सासरी बोलू नोका, बाई. तुमच्या पाया पडतो. आजच घरी आनून टाकतीन तिले. नांदू द्या."

"मी तिचं नाव घेणार नाही. पण तिला तहान लागली की मला कळवाल?"

पार्बताबाई म्हणाली, "सासरची तहान माहेरी कशी कळन, बाई?"

परतीच्या बसमध्ये बाई एकच वाक्य बोलली. "मी नंबर पाहिले, भाऊ. तोंडं पाहिलीच नाहीत."

पुढचं मी थोडक्यात लिहितो, कारण ते पाहायला चांगलं नव्हतं. ती घरोघर गेली. काहींनी कबूल केलं, काहींनी दारच उघडलं नाही. कोणतं रक्त कोणाचं, हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं. तिनं मुंबईला फोन लावला, परदेशात लावला. उभं राहून बोलली. या वेळी आवाज तिच्या वयाचा होता. मध्ये पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला आणि ती नुसती ऐकत राहिली. मग रिसीव्हर पुसून ठेवला. मी म्हटलं, "थोडं थांबून सांगतलं असतं तं काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "त्या शोधावर कुणी औषध करायला बसलं असतं, भाऊ. संगीच्या रक्तावर."

फोन बंद झाले. नागपूरची पोरं दुसरीकडे लागली. एक गाडी येऊन पेटीतल्या बाटल्या जाळायला घेऊन गेली. एक बाटली तिनं ठेवली, मायाची, अगदी पहिली. ती माझ्या टाकीशेजारच्या लहान फ्रीझरमध्ये राहिली. मोठी पेटी बंद झाली तेव्हा म्हणाली, "तिची घरघर नाही तर झोप येत नाही." मग जिन्याचं दार ती उघडं ठेवू लागली, माझ्या मशीनचा आवाज वर यावा म्हणून.

पुण्याहून तिच्या बहिणीचा फोन येई, ये आता परत. ती म्हणे, "बघू या."

पाडव्यानंतर एक दिवस मला म्हणाली, "पुलगावला येता का?"

मायाची गल्ली कापडाच्या गिरणीमागे होती. गल्लीच्या तोंडाशी नळ. पाणी यायच्या वेळी सगळ्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन तिथे जमत. बाई त्या ओट्यावर चढली आणि छत्री मिटून बोलायला लागली. घरातलं कुणी, लहान असो की मोठं, एकाएकी घटाघटा पाणी प्यायला लागलं, सारखं लघवीला जायला लागलं, खाऊनही वाळायला लागलं, तोंडाला पिकल्या फळासारखा वास यायला लागला, तर थांबू नका. अंगारा-धुपारा करत बसू नका. सरळ वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. साखरेचं सलाइन लावू देऊ नका. आधी रक्तातली साखर पाहा, असं ठासून सांगा.

माया तिथेच होती. डोक्यावर पदर, कडेवर घागर. तिनं मला ओळखलं आणि खाली पाहिलं. बाईनं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. एका पोरीला ऐकू जावं म्हणून ती सगळ्या गल्लीला सांगत होती.

मायाची सासू वच्छलाबाई सगळ्यांत पुढे. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तहान लागली तं मानूस पानी पेते, बाई. त्याच्यात भाषन काय?"

गल्ली खदखदा हसली.

"अन् उन्हाळ्यात तं साऱ्या पुलगावले तहान लागते. साऱ्याइले सुया टोचता काय?"

बाईही हसली. "नको. पण तेवढं लक्षात ठेवा."

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. पुढच्या पाडव्याला पुन्हा. तेच बोलणं, तोच नळ. गल्लीतली पोरं लांबूनच ओरडत, "तहानवाली आली, तहानवाली आली!" वच्छलाबाई तिचं भाषण तिच्याआधीच म्हणून दाखवी, तिच्या पुणेरी आवाजात, "पिकल्या फळासारखा वास." बाया हसून हसून घागरी सांडत. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वच्छलाबाई, शिकलेल्या बाईची नक्कल करता, लाज नाई वाटत?" परतताना बाई मलाच रागावली. "तिला बोलू नका. तिला सगळं पाठ झालंय. मला आणखी काय हवं?"

अशी वर्षं गेली. ती दिवसेंदिवस कमी बोलू लागली. गजूसारखी जुनी पोरं तेवढी रविवारी येत, बाकी बर्फखान्यात माझे दोन गडी, मी आणि ती. वाघ्या म्हातारा होऊन गेला. संध्याकाळी खिचडीची ताटली, भाकर, दोन पालथे साचे. ती कशासाठी थांबली होती हे मला माहीत होतं. जे येऊ नये असं तिला वाटत होतं त्याच्यासाठीच ती थांबली होती. रोज ते आलं नाही की तिला बरं वाटे, आणि म्हणून आणखी एक दिवस राहावं लागे. मी तिला एकदा म्हटलं, "बाई, कदाचित नाईच होनार तिले." ती म्हणाली, "तसं दिसतं. पण तसं आहे का ते माहीत नाही."

संक्रांत होऊन गेली होती. थंडी होती, बर्फाला गिऱ्हाईक नव्हतं. पुढच्या दारात वच्छलाबाई येऊन उभी राहिली. सोबत माया, अर्धी झालेली, शाल गुंडाळून. मी काही विचारायच्या आत वच्छलाबाई म्हणाली, "तहानवाली कुठी हाय?"

बाई जिन्यावरून उतरली. मायाला पाहिलं आणि कठडा धरून उभी राहिली.

"जिती हाय," वच्छलाबाई म्हणाली. "कालच दवाखान्यातून सुटली. आता रोज सुई." मग ती बाईच्या साच्यावरच बसली. "उन्हाळ्यात पानी पेली असती तं मी पाह्यलंबी नसतं. पन थंडीत कोन घागरभर पानी पेते? मी तिच्या तोंडाचा वास घेतला. तुमी सांगत होत्या तसाच. तिले उचलली अन् वर्ध्याले नेली. तिथी दारातच म्हनलं, साखरेचं सलाइन लावू नोका, आधी साखर पाहा. तो डाक्टर म्हनते, तुले कोनं सांगतलं? मी म्हनलं, आमच्या नळावर सांगतात."

मग वच्छलाबाईनं बाईकडे रोखून पाहिलं. "तुमाले मालूम होतं. आमच्याच गल्लीत काऊन येत होत्या? खरं सांगा."

माया रडायला लागली. मी मनात म्हटलं, बाई, आज तरी 'दिसतं' म्हणून सुटा.

"हो," बाई म्हणाली. "माहीत होतं."

वच्छलाबाईनं आपल्या पायांकडे पाहिलं. "पह्यलेच सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं मी हिले त्याच दिवशी माहेरी धाडली असती. खोटं कायले बोलू? पन आता कशी धाडू? मी सोता उचलून नेलं हिले. डाक्टर म्हने, आजीबाई, उशीर केला असता तं गेली असती. मी आनलेलं मानूस मीच कसं टाकू?" तिनं मायाच्या डोक्यावरची शाल सारखी केली. "पन मले एक सांगा. हे हिलेच झालं काऊन?"

मी 'बघू या'ची वाट पाहत होतो.

"मला माहीत नाही," बाई म्हणाली. "खूप शोधलं. मला नाही सापडलं."

मग ती मायाच्या समोर खाली बसली आणि विचारायला लागली. एवढ्यात ताप आला होता का? गालगुंड? घरात कुणाला खोकला? नळाचं पाणी की विहिरीचं? माया डोळे पुसत सांगत होती. शेवटी बाईनं जुनी सुई-नळी काढली.

"देशील?"

मायानं हात पुढे केला. बाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, उजेडाकडे वळवलं आणि नीट पाहिलं.

"ह्या वेळी तूच आहेस ना?"

"मीच आहो, बाई," माया म्हणाली, आणि रडता रडता हसली. वच्छलाबाईला काहीच कळलं नाही. मी आत जाऊन लिंबू-मिठाचा गोळा केला, थंडीत. मायानं पहिले मीठ चाटून घेतलं.

त्यानंतर बाई फार राहिली नाही, पुण्याला बहिणीकडे जायला निघाली. सामान दोन पिशव्या भरेल एवढंच. पेटी तिनं गजूच्या बापाला दिली, तो त्यात ट्रकवाल्यांसाठी पाण्याच्या बाटल्या थंड करतो. निघायच्या दिवशी तोच निळा थर्मास घेऊन आली आणि म्हणाली, "थोडा बर्फ हवाय. चुरा करून."

मी स्वतः फोडला. तिनं दोन बाटल्या ठेवल्या, एक पोरगी असतानाच्या मायाची, एक आताच्या. मध्ये कितीतरी वर्षं नुसती रिकामी.

"दोन बाटल्याइतून काय कळते, बाई?"

"काही नाही."

"मंग नेता काऊन?"

"खरं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच आहे, भाऊ." मग झाकण लावता लावता विचारलं, "बर्फ कुठपर्यंत टिकेल?"

"माह्या विहिरीच्या पान्याचा हाय. मनमाडपावतर तं काई होत नाई."

"टिकेल असं दिसतं," ती म्हणाली.

मी पुढचं दार सताड उघडून ठेवलं होतं. ती दोन्ही पिशव्या खांद्याला अडकवून, छत्री काखेत घेऊन मागच्याच दारानं गेली. मी वळसा घालून रस्त्यावर आलो तोवर वर्ध्याची बस आली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मी हात वर केला. तिनं मान हलवली, हात नाही हलवला. थर्मास मांडीवर होता आणि तिचे दोन्ही हात त्याच्या झाकणावर होते.